बिभीषणच्या बायकोचा आवाज

बेलखेडच्या किल्ल्यावर येणाऱ्यांना बिभीषण दिसायच्या आधी ऐकू यायचा. पाटोद्याकडून आलेली गाडी पायथ्याच्या चिंचेखाली थांबली, की वर दरवाज्याच्या सावलीत बसलेला बिभीषण उठायचा आणि तिथूनच हाळी द्यायचा. जपून या, घाई करू नका, किल्ला कुठं पळून जात नाही. माणसं हसत वर चढायची. गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र, अंगात पांढरा सदरा, आणि आवाज असा की अख्खी शाळा सहलीला आली तरी शेवटच्या पोराला शब्द न् शब्द कळावा.

किल्ला तसा नामांकित नव्हता. बालाघाटातल्या एका टेकडीवर दोन-तीन बुरूज धड राहिलेले, एक दारूकोठार, एक पाण्याचं टाकं, बाकी सगळा दगडांचा ढीग आणि टणटणी. पण बिभीषण बोलायला लागला की ढासळलेल्या भिंती उभ्या राहायच्या. पूर्वेच्या बुरुजावर तो राणीची गोष्ट सांगायचा. वेढा पडला, दाणा संपला, आणि राणीनं शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा त्याच बुरुजावरून स्वतःला खाली झोकून दिलं. त्यातलं किती जुन्या माणसांकडून आलेलं आणि किती त्याचं स्वतःचं, हे आता त्यालाही सांगता आलं नसतं. गोष्ट संपली की कुणी बोलायचं नाही. एखादी बाई डोळ्यांना पदर लावायची. त्या शांततेत बिभीषण दरीकडं बघत उभा राहायचा. दिवसभरातला तेवढा वेळ त्याचा असायचा, आणि त्यासाठी तो ऊन-वारा काही बघत नव्हता.

त्याची बायको छबू. मेंढपाळाच्या घरातली. लहानपणी बापाच्या मेंढ्या घेऊन ती याच टेकडीवर फिरलेली, लग्न होऊन पायथ्याच्याच गावात आलेली. आता घरी चार-सहा शेळ्या होत्या, त्यांच्यामागं तिचा दिवस जायचा. दिवसभर बोलून बिभीषणचा घसा बसलेला असायचा, म्हणून घरी ती फारसं बोलायची नाही. बिभीषणला वाटायचं, तिला बोलायला येतच नाही.

हिवाळ्यात पुण्याहून स्वप्ना नावाची मुलगी आली. पर्यटनाच्या कामातून गडकिल्ल्यांसाठी एक ॲप तयार होत होतं. जागोजागी कोडच्या पाट्या लागणार, मोबाईल समोर धरला की त्या जागेची माहिती कानात ऐकू येणार. तिला स्थानिक माणसाचा आवाज हवा होता आणि सगळ्यांनी तिला बिभीषणकडं पाठवलं होतं. बिभीषणला ते साहजिकच वाटलं. त्यानं सदऱ्याला इस्त्री केली, दारूकोठारात वारा लागत नाही म्हणून तिथं बसून दोन दिवस रेकॉर्डिंग दिलं. राणीची गोष्ट त्यानं अशी सांगितली की वटवाघळं उडाली.

जेवायला स्वप्ना त्यांच्या घरी होती. चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं छबूला सहज विचारलं, की तुम्ही वर कधी जाता का. छबू भाकरी थापत सांगायला लागली. कुठल्या भिंतीला मेंढ्या दुपारी टेकायच्या, कोठारात शिंगं अडकून बसलेला एडका कसा काढला. स्वप्ना जेवायची थांबली. मग तिनं बिभीषणला विचारलं, की यांचंही थोडं रेकॉर्ड केलं तर चालेल का. बिभीषणला हसू आलं. घ्या की, म्हणाला, तिलाबी जरा बरं वाटंल. तिसऱ्या दिवशी दोघी वर गेल्या आणि तो गावात चहा पीत बसला.

उन्हाळ्याच्या तोंडावर ॲपचं उद्घाटन झालं. दरवाज्यापाशी मंडप घातला होता, भागातले पुढारी आले होते. बिभीषण पहिल्या रांगेत उभा होता. पुढाऱ्यांनी फीत कापली, मोबाईल पाटीपुढं धरला, आणि स्पीकरमधून आवाज आला.

"हितंच उभं ऱ्हावा जरा. भाईर आग आसली तरी ह्या दारात वारं आसतंय. आमच्या मेंढ्या हितनं हलायच्या न्हाईत. तुमीबी दम खावा, मग जाऊ."

मंडपात कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. गावच्या बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. छबू मागं कुठंतरी उभी होती आणि पदर तोंडात धरून खाली बघत होती. बिभीषणला वाटलं, हे नुसतं दारापुरतं असेल. तो माणसांबरोबर कोठाराकडं गेला, टाक्याकडं गेला, राणीच्या बुरुजाकडं गेला. सगळीकडं छबू. त्याचाही आवाज होता, नव्हता असं नाही. "कठड्यावर बसू नये. पायऱ्या निसरड्या आहेत. मुलांचा हात धरावा." प्रत्येक ठिकाणी शेवटी एवढंच.

स्वप्ना त्याच्याजवळ येऊन काहीतरी समजावत होती. काका, तुमचा आवाज सूचनांना फार शोभतो, लोक ऐकतात. पहिल्या वेळी काकूंचं नाव घालायचं राहिलं, आता घालू का, असंही तिनं विचारलं. बिभीषण म्हणाला, बायामाणसाचं नाव कशाला, राहू द्या. लोक येऊन त्याची पाठ थोपटत होते, एवढी गुणाची बायको कुठं लपवून ठेवली होती म्हणत होते. तो सगळ्यांना हसून दाखवत होता. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं भाकरी कच्ची राहिलीय म्हणून ताट सारलं. भाकरी कच्ची नव्हती.

त्यानंतर किल्ल्यावर माणसं वाढली. पण आता गाडीतून उतरणाऱ्यांच्या कानात आधीच काहीतरी खोचलेलं असायचं. बिभीषण हाळी द्यायचा आणि ते हात हलवून पुढं जायचे, रस्ता सांगणाऱ्याला हलवावा तसा. त्याला घेऊन फिरणारी मंडळी कमी झाली. ते एक वेळ त्यानं सोसलं असतं. सोसेना ते दुसरंच. तो दरवाज्यात बसलेला असायचा आणि कोठाराशी उभे असलेले चार परके पुरुष एकदम हसायचे. त्याला कळायचं, एडक्याची शिंगं आली. पुढं टाक्याजवळ तीच माणसं गप्प व्हायची, पायरीवर बसायची, बराच वेळ उठायची नाहीत. तिथं छबू काय बोलते हे त्यानं ऐकलं नव्हतं. उद्घाटनाच्या दिवशी गर्दीत नीट ऐकू आलं नव्हतं आणि नंतर ऐकायचं त्यानं ठरवून टाळलं होतं. तिला विचारणं तर त्याच्याच्यानं होणार नव्हतं.

घरी छबू पूर्वीसारखीच होती. शेळ्या, चूल, पाणी. तो तिच्याकडं चोरून बघायचा. ही बाई त्याच्यापुढं मिठाचा डबा सरकवत होती आणि त्याच वेळी कुठल्यातरी पोरीच्या, कुठल्यातरी म्हाताऱ्याच्या कानाशी लागून बोलत होती. आपल्याशी ती इतकं कधी बोलली, हे तो आठवू लागला आणि त्याला आठवेना.

शेवटी एका सकाळी, अजून कुणी आलेलं नसताना, तो टाक्यावर गेला. पाटीपुढं मोबाईल धरला.

"माझं लगीन ठरलं तवा मी हितं आलते," छबू सांगत होती. "हळद लागायच्या आदल्या दिशी. पान्यात पाय सोडून बसले. खाली वाजंत्री आलती, आई हाका मारत हुती. मला खाली जायाचंच नव्हतं. मानूस कसा आसंल, म्हाईत न्हाई. लई येळ बसले. मग पान्यात त्वांड बघितलं आन् मनलं, चला. तुमीबी बसा. खाली काम आसंल तर आसूंद्या."

मागोमाग त्याचा स्वतःचा आवाज आला. पायऱ्या निसरड्या आहेत.

बिभीषण तिथंच बसला. ती खाली यायला नको म्हणत होती तेव्हा खाली गावात तोच होता, लग्नाचा नवा फेटा बांधून बघत, मित्रांत हसत. एवढ्या वर्षांत हे त्याला माहीत नव्हतं. पुण्याच्या, बीडच्या, अंबाजोगाईच्या, कुठकुठल्या लोकांना माहीत होतं. ते या पायरीवर बसून त्याच्या बायकोच्या मनातलं ऐकून गेले होते आणि जाताना त्याच्याकडं बघून हात हलवून गेले होते.

याच दिवसांत आप्पाराव यायला लागले. पाटोद्याचे, कृषी खात्यातून निवृत्त झालेले, बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते. दर रविवारी छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन एकटेच वर चढायचे, किल्ला बघायचे नाहीत, थेट टाक्यावर जाऊन बसायचे. कानात इअरफोन, डोळे मिटलेले. एकदा संपलं की पुन्हा लावायचे. बिभीषण दुरून बघायचा. त्याच्या अंगाची आग व्हायची.

एका रविवारी उतरताना आप्पाराव दरवाज्यात त्याच्याशेजारी टेकले. म्हणाले, "गाईड, ही बाई कोण हो? इथलीच असणार. घरातलं कुणीतरी बोलतंय असं वाटतं. एकदा भेटावं म्हणतो."

बिभीषणच्या तोंडून शब्द आधी गेला, विचार नंतर आला.

"हुती इथली," तो म्हणाला. "मयत झाली."

आप्पारावांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग कशानं, एवढंच विचारलं. साप, बिभीषण म्हणाला, त्याच टाक्यावर. आप्पारावांनी छत्री उघडली आणि ते हळूहळू उतरून गेले. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बिभीषणला बरं वाटत होतं. नंतर वाटेना. पण म्हातारा माणूस, विसरून जाईल, असं त्यानं स्वतःला समजावलं.

आप्पाराव विसरले नाहीत. ॲपवर अभिप्राय लिहायची सोय होती. तिथं त्यांनी लिहिलं, की ज्या माउलीच्या आवाजानं माझ्या एकटेपणाला सोबत दिली, ती आता या जगात नाही. ते शेकडो लोकांनी वाचलं. त्याखाली हात जोडलेली चित्रं आली, श्रद्धांजल्या आल्या. पुढच्या रविवारी टाक्याच्या पायरीवर झेंडूची फुलं होती. त्याच्या पुढच्या रविवारी उदबत्ती आणि नारळ.

आणि माणसं पुन्हा बिभीषणपाशी थांबू लागली. कानातलं काढून विचारायची, की काका, त्या बाईंचं काय झालं. पहिल्यांदा त्यानं दोन वाक्यांत उरकलं. मग एका घोळक्यातल्या बाईनं, पुण्याच्या धनश्रीताई म्हणून होत्या, त्याला सगळं सांगायचा आग्रह केला, आणि बिभीषणचा जुना आवाज छातीतून वर आला. त्यानं ऊन सांगितलं, दगडाखालची सळसळ सांगितली, मेंढ्या एकदम कशा बिथरल्या ते सांगितलं. पाणी भरून घेतलेली घागर तशीच उभी होती म्हणाला. गोष्ट संपली तेव्हा कुणी बोललं नाही. धनश्रीताईंनी डोळ्यांना रुमाल लावला. ती शांतता त्याला किती दिवसांनी मिळाली होती. तो दरीकडं बघत उभा राहिला.

त्यानंतर तो ती गोष्ट रोज सांगू लागला. राणीची गोष्ट मागं पडली. संध्याकाळी उतरताना टाक्यावरची फुलं गोळा करून कड्याखाली टाकायची, हे त्याचं नवीन काम झालं. गावातलं कुणी वर फिरकत नव्हतं, ॲप उघडून वाचत नव्हतं, म्हणून खाली काही कळलं नाही. घरी छबू गरम पाणी काढून द्यायची. त्याला तिच्याकडं बघवायचं नाही, पण वर गेल्यावर तोंड आपोआप चालू व्हायचं.

एक दिवस त्याचा मोबाईल घरीच चार्जिंगला राहिला. दुपारी स्वप्नाचा फोन आला. तिनं अभिप्राय वाचले होते आणि बिभीषणकाकांना धीर द्यायला फोन केला होता. उचलला छबूनं. तिनं हॅलो म्हटलं आणि पलीकडून काहीच बोलणं येईना. मग ती मुलगी रडायला लागली. छबूनं तिला आधी शांत केलं, पाणी पी म्हणाली, आणि मग सगळं सविस्तर विचारून घेतलं.

संध्याकाळी बिभीषण आला. छबूनं त्याला जेवायला वाढलं, त्याचं जेवण निम्म्यात असताना समोर बसली.

"मी कशानं मेले, ते सांगा," ती म्हणाली. "कुनी इचारलं तर तुमचं माझं एक पाहिजे."

बिभीषणचा घास हातात राहिला. त्यानं तिच्या आवाजात राग शोधला, तर तो सापडत नव्हता. तो म्हणाला, साप चावला.

"लई तरास झाला का मला?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. वर तो हेच किती रंगवून सांगत होता. छबू उठली नाही. तिनं कशापायी, एवढंच विचारलं, आणि थांबली. बिभीषणनं हात धुतला, पुसला, पुन्हा पुसला.

"समदे तुझंच ऐकत्यात," तो म्हणाला. "माझं कुनी ऐकत न्हाई. मी हाय म्हनून किल्ला हाय तिथं, न्हाई तर दगडं हायती. आन् ते म्हातारं दर आयतवारी टाक्यावर येऊन बसतंय, तुझ्यासाठी." मग जरा थांबून म्हणाला, "टाक्याचं मला तू कधीच सांगितलं न्हाईस."

"तुमी कधी इचारलं न्हाई. त्या पोरीनं इचारलं."

एवढं बोलून तिनं त्याचं ताट उचललं. त्या दिवशी पुढं बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. स्वप्नानं ॲपवर खुलासा टाकला की अशी कुठलीही घटना घडलेली नाही. लोकांनी काय ते समजून घेतलं किंवा नाही घेतलं. फुलं मात्र लगेच थांबली नाहीत.

रविवारी छबूनं शेळ्या शेजारणीकडं बांधल्या, धुतलेलं लुगडं नेसली आणि बिभीषणच्या मागून किल्ल्याची वाट चढू लागली. त्यानं मागं वळून बघितलं, पण परत जा म्हणायचं धाडस त्याला झालं नाही. दरवाज्यात आल्यावर ती थांबली, वारा घेतला, आणि टाक्याकडं निघाली. बिभीषण कोठाराच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला.

आप्पाराव पायरीवर होते. खुलासा त्यांनी वाचला नसावा, कारण बाजूला फुलांची पुडी होती. छबू त्यांच्या मागं उभी राहून काहीतरी बोलली. त्यांनी कानातलं काढलं, ते तपासून बघितलं, मग वळून वर पाहिलं. छबू पुन्हा बोलली. आप्पाराव धडपडत उठले, आणि त्यांनी हात जोडले. छबू खाली बसली, तेव्हा तेही दोन पायऱ्या सोडून बसले.

दोघं बोलत होते आणि बिभीषणला एक शब्द ऐकू येत नव्हता. एकदा आप्पारावांनी डोळे पुसले. एकदा छबू हसली, पदर न लावता. तिचं तसं हसणं घरी त्यानं शेवटचं कधी बघितलं होतं? मध्ये एक कुटुंब आलं, त्यांनी त्याला काहीतरी विचारलं, तो हो म्हणाला आणि ते भलतीकडं गेले. ऊन सरकून कोठाराच्या भिंतीवर आलं तरी त्या दोघांचं बोलणं संपेना. ती आता त्यांना सगळं सांगत असणार, हा तिथं उभा असलेला माझा नवरा, यानंच मला मारलं. ते तरी बरं होईल असं त्याला वाटून गेलं. पण त्या दोघांनी त्याच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

उतरताना आप्पाराव त्याच्याजवळ थांबले. म्हणाले, नावाचा घोटाळा झाला होता म्हणे, दुसरीच कुणीतरी गेली. तुम्हालाही चुकीचं कळलं असणार. त्यांनी बिभीषणचा हात दाबला आणि ते गेले. छबूनं त्याला वाचवलं होतं, आणि आपला नवरा म्हणून त्याची ओळखही दिली नव्हती. यातलं कुठलं जास्त टोचतंय हे त्याला समजेना.

छबू त्याच्यापाशी आली.

"एवढं काय बोलत हुता?" त्यानं विचारलं.

"त्यांच्या बायकूचं सांगत हुते." तिनं पदर सारखा केला. "किल्ला दाखवा मला."

त्याला वाटलं, टोमणा असेल. तसा नव्हता. तिनं खरोखरच त्याला कधी गाईड म्हणून ऐकलं नव्हतं, तो काय सांगतो ते तिला गावातल्या बायकांकडून कळायचं. बिभीषण तिला पूर्वेच्या बुरुजावर घेऊन गेला. बोलायला तोंड उघडलं तर आवाज नेहमीसारखा लागेना. वेढा पडला, म्हणाला. दाणा संपला, म्हणाला. छबू कठड्याला पाठ लावून त्याच्याकडं बघत ऐकत होती, आणि राणीनं दागिने कुणाला दिले असं तिनं मध्येच विचारलं. ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानं क्षणभर विचार करून सांगितलं, की दासीला दिले.

तेवढ्यात कॉलेजच्या पोरी बुरुजावर आल्या. एकीनं पाटीपुढं मोबाईल धरला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. छबूचाच आवाज बुरुजावर भरून राहिला. पोरी त्याभोवती गोळा झाल्या, हसायला लागल्या. शेजारी उभ्या असलेल्या लुगड्यातल्या बाईकडं त्यांनी बघितलंही नाही.

बिभीषण थांबला.

"बोला की," छबू म्हणाली. "मी तुमचं ऐकतीय."

त्यानं पुढं सुरू केलं. राणी कठड्यावर चढली. छबू मान हलवत होती, एकदाही तिनं त्या मोबाईलकडं वळून पाहिलं नाही. बिभीषण तिला सगळं सांगत होता, दरी, वारा, खालची फौज, आणि सांगता सांगता त्याची नजर पुन्हा पुन्हा तिच्या खांद्यावरून पलीकडं, त्या पोरींकडं जात होती.